सतरंजीच्या घडीतले सोळा किलो

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळी सव्वासात. अंबरनाथ पूर्व, आमच्या चर्चचा हॉल.

हजर: पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू आणि त्या दिवसाचे पंच. प्रमिलाकाकू, महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्याकडे चहा, पोहे आणि शिस्त. शमुवेलदादा, अंबरनाथ संघाचा कॅप्टन आणि माझा थोरला भाऊ. सोबत त्याचे सात गडी. याकोबसर, बदलापूर संघाचे कॅप्टन, निवृत्त गणित शिक्षक. सोबत त्यांचे सात. एक प्लॅटफॉर्म काटा, क्षमता तीनशे किलो, उल्हासनगरच्या हरीशशेठच्या धान्याच्या दुकानातून उसना आणलेला. आणि काट्यामागे मी, रूथ, रेशमी साडीत.

गैरहजर: कोणी नाही. दुपारी कळलं की माझं डोकं गैरहजर होतं.

साडीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पुढे लागणार आहे.

आधी माझं काम सांगते. मी वजनकाटे दुरुस्त करते आणि तपासते. उल्हासनगरला आमचं छोटं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. सव्वीस वर्षं मी ते चालवते. सरकारी परवाना आहे. व्यापाऱ्याचा काटा वेळच्या वेळी तपासून त्यावर शिक्का लागतो. तो शिक्का सरकारी माणूस मारतो, पण त्याआधी काटा खरा करून देणं हे माझं काम. किराणावाले, भंगारवाले, एमआयडीसीतल्या कंपन्या, सगळीकडे जाते. माझ्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, स्पिरिट लेव्हल आणि एक वही असते. वहीत प्रत्येक काट्याचं पान आहे. नवऱ्याचं म्हणणं, त्याचंही एक पान त्यात असणार. आहे.

आता सामना. दर जानेवारीत आमच्या आणि बदलापूरच्या चर्चमध्ये रस्सीखेच होते. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट. आता गंमत फक्त बघणाऱ्यांना वाटते. नियम तीन. आठ गडी. आठ जणांचं मिळून वजन सहाशे किलोच्या आत. आणि कोणाचीही साठी पूर्ण झालेली नको. वजनाचा नियम नसेल तर जिकडे जाडी माणसं जास्त तिकडे ढाल जाते, आणि खेळाऐवजी खानावळींची स्पर्धा होते. म्हणून सामन्याच्या सकाळी दोन्ही संघ काट्यावर उभे राहतात. काटा तपासायला मी असते. मी अंबरनाथची असूनही बदलापूरकरांनी कधी हरकत घेतली नाही. याचा मला अभिमान होता.

ढाल लाकडी आहे. तिच्यावर दर वर्षी विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी ठोकतात. शेवटच्या नऊ पट्ट्या बदलापूरच्या आहेत. त्या नऊही सामन्यांत दादा दोराच्या शेवटी उभा होता. या खेळात शेवटचा गडी दोर पाठीवरून वळसा घालून घेतो आणि खुंटीसारखा उभा राहतो. संघ घसरला की सगळ्यात शेवटी तो घसरतो, त्यामुळे हरणं त्याला सगळ्यात जास्त वेळ बघावं लागतं. येत्या मे महिन्यात दादा साठ पूर्ण करतो. म्हणजे हा त्याचा शेवटचा जानेवारी.

सामन्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही आपल्यापुरतं वजन करून बघितलं होतं. दादा ज्या इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त झाला, तिचा माल पाठवायचा काटा मीच तपासते. तिथे गेट उघडून घेतलं. आठ जणांचं मिळून भरलं ६१४ किलो. चौदा जास्त. मी तिथल्या तिथे प्रत्येकाला कागद लिहून दिला: भात बंद, तळलेलं बंद, त्याऐवजी काकडी आणि मूग, रात्रीचं जेवण आठच्या आत. सगळ्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. दादाने फ्रिजवर लावला.

तर सामन्याची सकाळ. पावणेसातला मी काटा हॉलच्या मधोमध मांडला. लेव्हल बघितली. वीस किलोची तीन प्रमाणित वजनं रिक्षातून आणली होती. प्रमाणित म्हणजे ज्यांचं वजन सरकारी प्रयोगशाळेने तपासून दिलेलं असतं. त्यांच्यावरून काटा खरा की खोटा ते ठरतं. तिन्ही ठेवली, ६०.० दाखवलं. चारही कोपऱ्यांत एकेक ठेवून बघितलं, सगळीकडे २०.०. काटा खणखणीत. वहीत लिहिलं, सही केली.

आधी बदलापूर. याकोबसर स्वतः चष्मा लावून आकड्यांसमोर उभे.

"रूथबाई, दशांश पण लिहा."

"सर, लिहितेय."

"मागच्या वर्षी एकाचा दशांश राहिला होता."

"तो शून्य होता, सर."

"शून्य पण लिहायचा असतो."

एकूण ५९६.५. सरांनी स्वतः बेरीज करून बघितली आणि मग माझी बरोबर धरली.

नंतर आमचे. त्यातले दोघे एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून थेट रिक्षाने आलेले, दोघे बुवापाड्यातून चालत. बूट-मोजे काढून अनवाणी उभं राहायचं असतं. लादी बर्फासारखी.

"पोरांचे पाय गारठतील," प्रमिलाकाकू म्हणाल्या. या पोरांतलं सगळ्यात लहान पोर चव्वेचाळीस वर्षांचं होतं. काकूंनी संडे स्कूलची निळी सतरंजी आणली आणि काट्याला टेकवून अंथरली. मी तेव्हा आमची नावं वहीत चढवत होते. सतरंजी बघितली. काट्याच्या खाली नव्हती, बाजूला होती. म्हटलं, असू दे.

पहिला गडी चढला, उतरला. उतरल्यावर काट्यावर कोणी नसताना आकडा आला, वजा ०.३.

काट्याच्या मागे शून्याचं बटण असतं. ते दाबलं की समोर असेल तो आकडा काटा शून्य धरतो. मी दाबलं. दुसरा गडी उतरला, पुन्हा वजा. पुन्हा दाबलं. असं सात वेळा.

आता वडिलांचा नियम सांगते. रिकामा काटा शून्यावर येत नसेल, तर आधी खाली वाकायचं आणि मग बटणाला हात लावायचा. कारण काटा उगाच वजा दाखवत नाही. खाली काहीतरी असतं: दाणा, खडा, उंदराने ओढून आणलेली सुतळी. बटण दाबलं की ते काहीतरी तिथेच राहतं, फक्त दिसेनासं होतं. हा नियम मी आजवर शेकडो दुकानदारांना ऐकवला आहे.

मी वाकले नाही. कारणं तीन. एक, रेशमी साडी. दोन, उजवा गुडघा. तिसरं कारण थोड्या वेळाने सांगते.

एकूण भरलं ५९८.

हॉलमध्ये एकदम गलका. एका आठवड्यात सोळा किलो. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूची कृपा." आमचे गडी एकमेकांच्या पोटाकडे बघायला लागले, कृपा नेमकी कुठे झाली ते शोधत.

याकोबसरांनी कागद हातात घेतला, बेरीज तपासली. मग हळूच विचारलं, "काटा बघितलात ना?"

"सर, सव्वीस वर्षं तेच करतेय."

"हो, हो. सहज विचारलं." कागद परत दिला. माझं ते उत्तर मला अजून सकाळी चहा पिताना आठवतं.

सामना चर्चमागच्या मैदानात झाला. दोराच्या मध्यावर लाल फडकं बांधतात. ते आपल्या बाजूला चार मीटर आणलं की एक खेच जिंकली. तीनपैकी दोन जिंकायच्या. पहिली आम्ही घेतली, दुसरी बदलापूरने. तिसरीला लाल फडकं मध्यावरून हलेचना. सोळा माणसं जवळजवळ जमिनीला समांतर आणि फडकं जागच्या जागी. पाळकसाहेब शिट्टी तोंडात धरून त्याच्यासमोर एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे. दादा डोळे मिटून उभा होता. मग तो एकदाच "हां" म्हणाला, आणि आठही जण मिळून मागे सरकले. फडकं चार मीटर आलं.

बाकीचे नाचत होते. दादा मातीत बसून राहिला. मी पाण्याची बाटली दिली तर ती त्याने पायावर ओतली.

"तोंडात ओतायचं, दादा."

"कळतंय मला," तो म्हणाला. कळत नव्हतं.

बक्षीस समारंभ जेवणानंतर होता, पण ढाल कोण थांबवणार. दादा ती काखेत घेऊन सगळीकडे फिरत होता. फोटो काढून झाले. वहिनीला व्हिडिओ कॉल झाला. रात्रपाळीवाल्या दोघांनी ढालीला टेकून डुलकी काढली.

साडेबाराला हरीशशेठ टेम्पो घेऊन काटा न्यायला आले. दुपारी त्यांच्याकडे गव्हाची गाडी येणार होती. मी हॉलमध्ये पट्टीवर कोरायचा मजकूर लिहीत बसले होते. त्यांनी काट्याला हात घातला आणि थांबले.

"दीदी."

"घ्या ना शेठ, माझं झालंय."

"दीदी, जरा इकडे या. ये दरी किसने डाली?"

जाऊन बघितलं. आणि या वेळी वाकलेही. सतरंजीची कड दुमडून काट्याच्या ताटाखाली सरकली होती. ताट म्हणजे ज्यावर उभं राहतो तो पत्रा. त्याच्या खाली लोड सेल असतो, वजन मोजणारा धातूचा तुकडा. ताट फक्त त्याच्यावरच टेकलं पाहिजे. इथे ते सतरंजीच्या घडीवरही टेकत होतं. माणसाचं थोडं वजन लोड सेल उचलत होता, थोडं संडे स्कूलची सतरंजी. आठ भारी माणसं चढली-उतरली, तसतशी घडी आत गेली असणार. आणि रिकाम्या ताटाला ती खालून वर रेटत होती, म्हणून वजा.

"जूनमध्ये माझ्या दुकानात काट्याखाली गोणपाटाचा कोपरा गेला होता," हरीशशेठ म्हणाले. "आठवतं? माझ्या गिऱ्हाइकांसमोर अर्धा तास भाषण दिलंत. मैंने चाय पिलाई, चहा पिऊन परत सुरू."

"आठवतं."

"शेवटी तुम्ही म्हणालात, शेठ, काटा खोटं बोलत नाही, आपण त्याला बोलायला लावतो."

"शेठ, आठवतं म्हटलं ना."

मी तिन्ही प्रमाणित वजनं उचलून ठेवली. ५८.४. सतरंजी ओढून काढली, रिकामा काटा शून्यावर आणून तीच वजनं पुन्हा ठेवली. ६०.० झाले. म्हणजे साठ किलोला एक किलो सहाशे ग्रॅम सतरंजीने गिळले होते. आणि ते फक्त आमच्या वेळी. बदलापूरचे आठ जण उघड्या लादीवर मोजले गेले होते.

हरीशशेठांनी आकडा वाचला. मग मागे वळून दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"मैंने कुछ नहीं देखा," ते म्हणाले. "मी गहू मोजतो. माणसं मोजणं माझा धंदा नाही."

आता तिसरं कारण. साडी होती, गुडघा होता, हे खरं. पण वहीत आठ दिवसांपूर्वीचा ६१४ माझ्याच अक्षरात होता. आठ माणसं, आठ दिवस, सोळा किलो. हे कुठल्या दुकानदाराने मला सांगितलं असतं, तर मी त्याचा काटा उलटा करून बघितला असता. पण आमचा आकडा पुढे सरकत होता आणि मला तो आवडत होता. प्रत्येक वजन मनासारखं येत होतं. मनासारखं येत असलं की माणूस वाकत नाही.

मला अडचण आली की मी यादी करते. वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:

१. गप्प बसणे.
२. फक्त पाळकसाहेबांना सांगणे.
३. आधी दादाला सांगणे, मग सगळ्यांना.

पहिल्या ओळीसमोर मी बराच वेळ पेन धरून उभी होते. उगाच मोठेपणा कशाला सांगू. बदलापूरचे टेम्पोत सामान चढवत होते. हरीशशेठ बोलणार नव्हते. ढाल दादाच्या काखेत होती. कोणीही लबाडी केलेली नव्हती. एका म्हातारीने माणसांच्या पायांची काळजी केली होती, एवढंच. शिवाय सामना जोराने जिंकला, सतरंजीने दोर ओढला नव्हता. अशी बरीच चांगली चांगली कारणं सुचली. कारणं एवढ्या झटपट सुचतात तेव्हा काट्याखाली काहीतरी असतं.

मी तिसरीवर खूण केली.

दादा हॉलमागच्या पायरीवर बसून रुमालाने ढाल पुसत होता. मी सगळं सांगितलं. तो पुसत राहिला.

"किती?"

"सोळाच्या आसपास."

"प्रत्येकी दोन."

"हो."

"याकोबला कळलंय?"

"नाही."

"हरीशशेठ सांगेल?"

"नाही."

"मग?"

"मग मी सांगेन."

दादाने रुमाल खिशात ठेवला. "रूथे, तू माझी बहीण आहेस की काटेवाली?"

"आज काटेवाली. बहीण उद्या चर्चनंतर येते जेवायला."

"मे महिन्यात मी साठचा होतो."

"माहीत आहे, दादा."

"माझा दोर संपला."

 आतून पोळ्यांचा वास येत होता. कोणीतरी पोळ्या मोजून घ्या म्हणून ओरडत होतं.

"सकाळी प्रार्थना करताना," दादा म्हणाला, "मी जिंकू दे असं म्हटलंच नाही. नऊ वर्षं ते मागून झालं. या वेळी म्हटलं, बाबा, लाज तेवढी नको जाऊ दे."

"मग?"

"मग काय. ऐकलं की त्याने. पण ऐकायचं होतं तर सकाळी काट्यावरच ऐकायचं. ढाल हातात देऊन कशाला ऐकतो?"

देव रस्सीखेचीत कोणाची बाजू घेतो का, हे मला माहीत नाही. पाळकसाहेबांना विचारलं होतं; ते म्हणाले, दोन्हीकडून प्रार्थना आली की त्यालाही अवघड होत असेल. नीट मांडलेला काटा कोणाची बाजू घेत नाही, एवढं मी माझ्या परवान्यावर सांगू शकते.

"मी सांगतो," दादा उठत म्हणाला. "कॅप्टन मी आहे."

"चूक माझी आहे."

"मग दोघं जाऊ. तू आकडे सांग. आकडे मला जमत नाहीत."

जेवायला बसायच्या आधी दादाने ढाल पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ही आमची नाही. रूथ सांगेल." एवढं बोलून तो खाली बसला. मला वाटलं होतं, निदान प्रस्तावना तरी करेल.

मी सांगितलं. सतरंजी परत घातली, वजनं ठेवली, ५८.४ दाखवले. सतरंजी काढली, ६०.० दाखवले. बटण सात वेळा दाबलं, हेही सांगितलं. तिसरं कारणही सांगितलं. ते सांगताना मी याकोबसरांकडे बघत होते, कारण सकाळी त्यांनी विचारलं होतं.

सर उठले. राग आला असेल असं वाटलं. त्यांनी खिशातून पेन काढला आणि कागदी प्लेटवर गणित मांडलं. "पाचशे अठ्ठ्याण्णव गुणिले साठ, भागिले अठ्ठावन्न पूर्णांक चार." त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी वर्गात उभं राहिल्याचा आनंद होता. "सहाशे चौदा पूर्णांक चार."

मी वही उघडून आधीच्या शनिवारचं पान त्यांच्यापुढे धरलं. ६१४.

"म्हणजे," सर आमच्या संघाकडे वळून म्हणाले, "आठ दिवसांत तुम्ही आठ जणांनी मिळून काहीही कमी केलं नाही."

"दादा दोन किलो उतरलाय," मी म्हटलं. प्रत्येकाचा आकडा माझ्याकडे होता. "ते बाकीच्यांनी भरून काढले."

 दादाने मान वळवून आपल्या सात गड्यांकडे एकेक करून बघितलं. मग जे सुरू झालं ते कोणी ठरवून केलं नसतं.

"मी शहाडला उतरून दोन वडापाव खायचो," पहिला म्हणाला. "रोज नाही. रविवारी सुट्टी."

"मी ताईच्या कागदावरचं सगळं खाल्लं. आणि घरचा डबा पण खाल्ला."

"कँटीनमध्ये भात फुकट असतो, दादा. सोडवत नाही."

"माझा कागद धुवायला गेला."

प्रमिलाकाकू पदर खोचून उभ्या राहिल्या. "म्हणजे माझ्या सतरंजीने जिंकलात होय? आणि मी इथे सगळ्यांना सांगतेय, कृपा, कृपा." मग जरा थांबून, "आणि मी यांना पोहे दुसऱ्यांदा दिले, वजनाच्या आधी. तेही लिही, रूथ."

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. "रविवारी पापांची कबुली घेतो तेव्हा कोणी एवढं बोलत नाही. नुसते ओठ हलवता."

यावर हशा झाला. पण हशा विरल्यावर ढाल टेबलावर होती आणि प्रश्न तिथेच होता. पाळकसाहेबांनी ती उचलली आणि याकोबसरांपुढे धरली. "नियमाने तुमची."

सरांनी हात मागे घेतले. "थांबा. आम्हालाही काही सांगायचं आहे." ते आपल्या संघाकडे न बघता बोलले. "दुसरी खेच आम्ही जिंकलो. त्यात आमच्या पाचव्याने दोर काखेत दाबून धरला होता. तो फाउल आहे. पंचांना दिसला नाही. मला दिसला होता."

"मी फडक्याकडे बघत होतो," पाळकसाहेब म्हणाले.

"बरोबर. तुम्ही फडक्याकडे बघता, म्हणून आम्ही काखेत धरतो," सर म्हणाले. त्यांचा पाचवा गडी प्लेटमध्ये बघत राहिला. "शमुवेल, ढाल आम्ही ओढून घेऊ. अशी प्लेटवरच्या गणितावर नको."

दादा बसल्या जागेवरून म्हणाला, "पुन्हा खेळायचं?"

"पुन्हा. सहाशेच्या आत. उघड्या लादीवर. आणि काखा वर करून."

आता ढाल कोणाकडे ठेवायची? अंबरनाथ नको म्हणे, बदलापूर नको म्हणे. पाळकसाहेब म्हणाले, माझ्याकडे ठेवली तर दोन्हीकडून लोक बघायला येतील आणि चहा द्यावा लागेल. तेवढ्यात दारात हरीशशेठ दिसले. त्यांचा काटा अजून आमच्याकडेच होता, म्हणून ते थांबले होते. शाकाहारी असल्यामुळे हातात फक्त पोळी आणि लोणचं.

"शेठ, तुम्ही ठेवाल?"

"मैं?" त्यांनी ढाल उलटसुलट बघितली. "ठेवतो. पण काट्याच्या वर लावणार. गिऱ्हाइकाने विचारलं, ये क्या है, तर पूरी कहानी सांगणार. दीदीचं नाव घेऊन."

"घ्या," मी म्हटलं.

ते खरोखर घेतात. मागच्या महिन्यात भोपळ्याच्या बिया घ्यायला आलेल्या एका बाईने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सतरंजीवाल्या तुम्हीच का?" धंद्याचं मात्र नुकसान झालं नाही. उलट शहाडच्या दोन भंगारवाल्यांनी बोलावलं. एकाने सांगितलं, जी बाई सख्ख्या भावाची ढाल परत करते ती माझा काटा काय सोडणार. आधीच नीट करून घेतो.

तेव्हापासून दर शनिवारी आमच्या संघाचं वजन होतं. उघड्या लादीवर. मी सलवार-कमीज घालून जाते. प्रत्येक गडी उतरला की दोन्ही गुडघे टेकून, टॉर्च लावून काट्याखाली बघते. उजवा गुडघा कुरकुरतो. रविवारी चर्चमध्ये मी इतकी वर्षं गुडघे टेकत आले, तेव्हा त्याने कधी तक्रार केली नाही. बहुतेक तिथे पुरेसं वाकत नसेन.

यातून धडा काय, असं दुकानात लोक विचारतात. धडा छोटा आहे. आकडा आवडला, की दोनदा वाका.

आता राहिलेलं काम. फेरसामन्याची तारीख माझ्याकडे दिली आहे, कारण यादी माझ्याकडे असते. अट एकच, आमचा आकडा सहाशेच्या आत आला पाहिजे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात तो ६०२.५ पर्यंत उतरला होता. ईस्टरच्या जेवणानंतर ६०७ झाला. मागच्या शनिवारी ६०४.

मे महिना जवळ येतोय. याकोबसरांचा फोन आला होता. म्हणाले, शमुवेलचं वय आपण जानेवारीतलं धरू, मी बेरीज चुकवतो. दादाने त्यांना नको म्हणून सांगितलं. एका सतरंजीची सूट पुरे झाली, म्हणाला.

आज सकाळी वहिनीचा फोन आला. "रूथ, तारीख लाव बाई. हे साडेतीन महिने भात खात नाहीत आणि घरात शिजवूही देत नाहीत. मला वरण-भाताची स्वप्नं पडतात."

वही समोर उघडी आहे. दादाच्या नावापुढे ७६.०. बाकी सात आकडे सांगण्यासारखे नाहीत. त्यांच्याखाली एक ओळ: फेरसामना, तारीख. पुढची जागा रिकामी आहे. संध्याकाळी त्या सात जणांना बोलावलं आहे, वजनाला. अजून एकाचाही होकार आलेला नाही.